सिरिंज मोठी दिसली म्हणून

रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. मी ट्रीटमेंट शीटवर सह्या करत बसले होते आणि आमची ज्युनियर नर्स दारात येऊन नुसती उभी राहिली, आत येईना की काही बोलेना. हातात भरलेली सिरिंज होती, ५० मिलीची, ३० च्या रेघेपर्यंत भरलेली. मग हळूच म्हणाली, "ताई, बाळ एवढंसं आहे आणि ही सिरिंज केवढी दिसतेय, काही चुकतंय का माझं?" मी उठून बघितलं. बाळ ४ किलोचं, अंगात ताप, पॅरासिटामॉल शिरेतून द्यायचं होतं. किलोमागे साडेसात मिलिग्रॅम म्हणजे ३० मिलिग्रॅम, बाटलीत दर मिलीला १० मिलिग्रॅम, म्हणजे जायला हवं होतं ३ मिली. तिने भरलं होतं ३० मिली. दहापट. एवढ्या डोसने एवढ्याशा लिव्हरचं काय होऊ शकतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, त्यामुळे ते तोंडाने कुणीच म्हटलं नाही. मी तिच्या हातातून सिरिंज घेतली तर तिची बोटं गार पडलेली. आम्ही ती बाजूला ठेवली, छोटी सिरिंज घेतली, दोघींनी मोठ्याने आकडा वाचला, एकक वाचलं, बाळाचं वजन पुन्हा वाचलं आणि ३ मिली दिलं. बाळ झोपेतच ओठ हलवत होतं. त्याची आई खुर्चीत बसल्या बसल्या झोपली होती, तिला यातलं काही कळलं नाही.

मग ती स्टुलावर बसली, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, आणि म्हणाली, "ताई, हे चुका कळवायच्या ॲपवर टाकायचं का? बाळाला तर काहीच झालं नाही."

आणि मी लगेच उत्तर दिलं नाही. हेच मला इतके दिवस खातंय. नवीन मुली आल्या की त्यांना बसवून मीच सांगते, निअर मिस म्हणजे काय, थोडक्यात वाचलं तेही कळवायचं, उलट तेच आधी कळवायचं, कारण त्यात अजून कुणाला लागलेलं नसतं. हे मी किती वेळा बोलले असेन. आणि प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा माझ्या ओठांवर "राहू दे गं" आलं होतं. मनात काय काय येऊन गेलं, तिच्या नोकरीचं कन्फर्मेशन जवळ आलंय, सकाळी हँडओव्हरला इन्चार्ज कशा बघतील, आणि पोरीने स्वतः पकडलीच ना चूक, मग कशाला तिच्या नावावर एक नोंद. हे सगळं मायेपोटीच येत होतं. एवढ्यासाठीच त्या एका मिनिटाची मला जास्त भीती वाटते.

कारण असलं एक मिनिट माझ्याकडे आधीचंही आहे. बरीच वर्षं झाली. तेव्हा मी स्वतःच नवीन होते आणि मोठ्यांच्या वॉर्डात होते. अँटिबायोटिक दिल्यावर कॅन्युला, म्हणजे शिरेत बसवलेली बारीक नळी, फ्लश करायला सलाईनची अँप्यूल घ्यायची, दिवसातून चाळीसदा करायचं काम, हात आपोआप ट्रेकडे जातो. स्टोअरमधून नवा माल आला होता. सलाईनची १० मिलीची प्लास्टिकची अँप्यूल आणि पोटॅशियम क्लोराईडची १० मिलीची प्लास्टिकची अँप्यूल, दोन्ही पारदर्शक, दोन्हीवर जवळजवळ तसलीच निळी अक्षरं, आणि खोके एकाला एक लागून. मी अँप्यूलची मान पिळणार एवढ्यात ती बोटांत फिरली आणि लेबल समोर आलं. पोटॅशियम. ते पातळ न करता शिरेत झटकन ढकललं तर हृदय थांबतं. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती, समोरचे आजोबा मला विचारत होते "झालं का सिस्टर?" आणि मी हसून "होतंय बाबा" म्हणाले. अँप्यूल परत ठेवली. नंतर कुणाचं लक्ष नाही असं बघून पोटॅशियमचा खोका उचलला आणि आमच्या वॉर्डातल्या कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, एकटा, नेऊन ठेवला. मला वाटलं मिटलं. कुणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी खालच्या मजल्यावरच्या वॉर्डात तेच झालं. तोच माल, तीच अँप्यूल, शेजारी शेजारी खोके, दुसरे हात. पेशंट कोसळला, क्रॅश कार्ट धावली, खूप वेळ झगडून त्याला परत आणलं, पुढे नऊ दिवस आयसीयूत होता. जिच्या हातून झालं ती माझी ट्रेनिंगमधली मैत्रीण. चौकशी झाली, तिने सगळं कबूल केलं, सहा महिन्यांत तिने नर्सिंग सोडलं. मी तिला भेटायला गेले होते, तिच्या शेजारी बसले, पाठीवर हात ठेवला, आणि तरीही बोलले नाही.

आता लोक म्हणतील तेव्हा ॲप कुठे होतं. नव्हतंच. इन्सिडंट रजिस्टर होतं, जाड पुठ्ठ्याचं, आणि ते इन्चार्जच्या कपाटात कुलपात असायचं. म्हणजे काही लिहायचं तर आधी किल्ली मागायला जायचं, आणि किल्ली मागितली की पहिला प्रश्न "का, काय केलंस?" मोबाईलवरच्या रिपोर्टिंगने नेमकं काय बदललं असं मला कुणी विचारलं तर मी तंत्रज्ञानाचं काही सांगणार नाही, मी एवढंच सांगेन की किल्ली मागावी लागत नाही. रात्री तीन वाजता, जिन्यात उभं राहून, हात अजून थरथरत असताना, चार मिनिटांत लिहिता येतं. पाकिटाचा, लेबलचा फोटो जोडता येतो, आणि ही फार मोठी गोष्ट आहे, कारण सकाळी तो खोका कुणीतरी नीट लावून टाकतं आणि मग काय गोंधळ होता हे शब्दांत सांगून कुणाला पटत नाही.

विमानवाल्यांना हे आमच्या कितीतरी आधी समजलं. अमेरिकेत १९७६ पासून पायलटांसाठी अशी कळवायची सोय आहे, आणि त्यातली गोम अशी की ती विमानवाहतुकीवर नियम लावणाऱ्या, दंड करणाऱ्या खात्याने स्वतःकडे न ठेवता नासाकडे सोपवली. ज्याच्या हातात छडी आहे त्याच्यापाशी कोण कशाला बोलेल. आमच्याकडे नवीन मुली ॲप उघडल्यावर पहिला प्रश्न हाच विचारतात, "ताई, हे वाचतं कोण?" नाव न देता पाठवायचा पर्याय असतो, पण वॉर्ड, तारीख, शिफ्ट भरली की त्या रात्री तिथे दोनच जणी होत्या हे कुणालाही कळतं. त्या मुलींना हे कळतं, आपण वरिष्ठ मात्र विसरतो.

औषधांच्या दुष्परिणामांचंही तसंच. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाने हजारो बाळं अपंग जन्मली तेव्हा, १९६१ मध्ये, जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड या दोन डॉक्टरांना वेगवेगळं लक्षात आलं की काहीतरी भयंकर चाललंय. मॅकब्राइडचं पत्र तर अगदी थोडक्या ओळींचं होतं, आमच्याकडे असं दिसतंय, अजून कुणाला दिसलंय का, एवढंच विचारणारं. मला ते फार जवळचं वाटतं, कारण चांगला रिपोर्ट असाच असतो, त्यात निकाल नसतो, मला हे दिसलं एवढंच असतं. त्यानंतर ब्रिटनने १९६४ मध्ये यलो कार्ड सुरू केलं, डॉक्टरांनी पिवळ्या कार्डावर लिहून पोस्टात टाकायचं. २०१५ मध्ये त्याचं मोबाईल ॲप आलं. पन्नास वर्षं लागली कार्ड खिशातल्या फोनमध्ये यायला. आणि तरी लोक कळवत नाहीत. २००६ मध्ये ३७ अभ्यास एकत्र करून कुणीतरी बघितलं होतं, तर मधला आकडा धरला तर औषधांच्या दुष्परिणामांपैकी ९४ टक्के कुठे कळवलेच गेले नव्हते. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वरच्या फळीवरचा तो खोका आठवला. त्या ९४ मध्ये असे किती खोके असतील, कुणीतरी गुपचूप उचलून ठेवलेले.

पण त्या रात्रीकडे परत येते, कारण त्यात अजून एक गोष्ट होती जी मला रिपोर्ट लिहायच्या आधी कळली. मी तिला विचारलं, अगं पण ३० मिली आलं कुठून, शीटवर तर डॉक्टरांनी मिलिग्रॅम स्पष्ट लिहिलंय. तिने फोन काढून दाखवला. तिच्याकडे डोस काढायचं एक ॲप होतं, बऱ्याच मुली वापरतात, शीटवरचा आकडा तिने त्यात पुन्हा ताडून बघितला होता. म्हणजे जास्तीची काळजी घ्यायला गेली होती. वजन टाकलं, औषध निवडलं, स्क्रीनच्या मधोमध ठळक मोठ्या अक्षरात आलं ३०. आणि त्याच्याखाली, फिकट करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात, मिलिग्रॅम. रात्रीचा वॉर्ड, दिवे मंद केलेले, फोनचा ब्राइटनेस बाळाच्या डोळ्यावर नको म्हणून अगदी कमी. मी चष्मा लावून बघितलं तरी मला ते एकक दिसायला वेळ लागला. तिच्या डोक्यात ३० बसलं आणि सिरिंजवर रेघा मिलीच्या असतात, ३० ची रेघ सापडली, हात तिथे थांबला.

आकडा बरोबरच होता त्या ॲपचा. हे मला कुणाला समजावून सांगायला फार जड जातं. गणित बरोबर, आणि तरी सिरिंज चुकीची. आम्हाला शिकवताना सांगायचे, ५.० असं कधी लिहू नका, टिंब पुसट असलं तर ५० वाचलं जातं, आणि .५ असंही लिहू नका, आधी शून्य द्या. इन्सुलिनच्या ऑर्डरमध्ये युनिटसाठी इंग्रजी यू लिहू नका, तो शून्यासारखा दिसतो. ही सगळी शहाणपणं कुणा ना कुणा पेशंटच्या जिवावर शिकलेली आहेत, आणि कागदासाठी शिकलेली आहेत. स्क्रीनची शहाणपणं आपण आत्ता शिकतोय. २०१५ मध्ये इन्सुलिनचा डोस काढून देणारी ४६ ॲप काही संशोधकांनी तपासली, त्यातल्या ३१ मध्ये चुकीचा डोस सुचवला जायचा धोका निघाला, आणि ४२ ॲप अशी की वाट्टेल तो आकडा टाका, ती हटकतच नव्हती. ती बनवणाऱ्यांची नियत वाईट असेल असं मला वाटत नाही. पण त्यांनी रात्री तीन वाजता मंद उजेडात एकदा तरी उभं राहून स्वतःची स्क्रीन वाचावी, ही माझी मनापासूनची विनंती आहे.

अमेरिकेतल्या एका नर्सची केस आम्ही सगळ्यांनी फॉलो केली होती. २०१७ मध्ये औषधाच्या मशीन-कपाटात तिने औषधाच्या नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. तिला हवं होतं व्हर्सेड, पेशंटला तपासणीआधी शांत करायला. कपाटात ते दुसऱ्या नावाने होतं, म्हणून सापडलं नाही, तिने ओव्हरराइड केलं, म्हणजे मशीनची अडवणूक बाजूला सारली, त्याच दोन अक्षरांनी वर आलं व्हेक्युरोनियम, जे स्नायू बंद पाडतं, श्वाससुद्धा. पेशंट गेल्या. तिने स्वतःहून चूक सांगितली. २०२२ मध्ये कोर्टाने तिला दोषी ठरवलं, तीन वर्षं प्रोबेशन. तिने वाटेत बऱ्याच सूचना वाचल्या नाहीत हे खरं आहे, बाटलीच्या झाकणावर इशारा होता हेही खरं आहे, मी ते नाकारत नाही, त्या बाईंच्या घरच्यांचा विचार आला की तिची बाजू घ्यायची माझी हिंमत होत नाही. पण निकालाच्या दिवशी आमच्या ग्रुपवर एकीने फक्त एवढं लिहिलं होतं, "म्हणजे सांगायचं नाही." आणि त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. तो ग्रुप एरवी एक मिनिट शांत नसतो.

२००० साली अल्बर्ट वू नावाच्या डॉक्टरांनी अशा माणसांसाठी एक शब्द वापरला, सेकंड व्हिक्टिम, म्हणजे पेशंटनंतर त्या घटनेत मोडलेला दुसरा माणूस. मला हा शब्द कळला तेव्हा मी रडले होते, कारण मैत्रिणीला काय झालं होतं त्याला नाव मिळालं. पुढे २०१९ मध्ये, ज्यांची माणसं अशा चुकांत गेली त्यांनी लिहिलं की हा शब्द सोडा, आमच्या माणसाचा बळी गेला आणि तुम्ही स्वतःला बळी म्हणवता, आणि बळी म्हटलं की जबाबदारी कुणाचीच उरत नाही. ते वाचल्यावर मला त्यांचंही पटलं. अजून दोन्ही पटतं. त्या बाळाची आई जागी असती आणि बाळाला काही झालं असतं तर माझ्या ज्युनियरला कसं वाटतंय हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? पण ती पोरगी घरी जाऊन झोपली का, जेवली का, पुढच्या नाईटला सिरिंज हातात घेताना तिचा हात कसा होता, हे कुणीतरी विचारायला हवंच ना. अमेरिकेतल्या सुसान स्कॉट स्वतः नर्स, त्यांनी २००९ मध्ये अशा प्रसंगातून गेलेल्यांशी बोलून मांडलं की शेवटी माणूस तीनपैकी एका वाटेने जातो, कुणी सोडून देतं, कुणी कसंबसं तगून राहतं, कुणी त्यातून काही घडवतं. मैत्रीण पहिल्या वाटेने गेली. मी बहुधा दुसऱ्या वाटेवर आहे, आणि माझ्या हातून तर काही झालंही नव्हतं.

आमच्या ॲपमध्ये पेशंटला किती इजा झाली याचे पाच पर्याय आहेत. कळवणाऱ्याबद्दल एकच रकाना आहे, हुद्दा. मला त्यात अजून एक साधा प्रश्न हवाय, कुणी तुमच्याशी बोललेलं चालेल का, हो किंवा नाही. आणि हो दाबलं तर खरोखर माणसाचा फोन यायला हवा, त्याच दिवशी. आपोआप येणारा "आपला अहवाल मिळाला, धन्यवाद" हा मेसेज नको, तो मेसेज आला की मुली पुन्हा कधी लिहीत नाहीत, मी बघितलंय.

तर त्या रात्री मी शेवटी स्टूल ओढून तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, टाकूया, आणि दोघींची नावं टाकूया. तिने लिहिलं, मी फक्त बघत होते. औषध, वेळ, वजन. इजा, नाही. कारण निवडायला यादी होती, ऑर्डर चुकली, वाचण्यात चूक, लेबल सारखं, मनुष्यबळ कमी. डोस ॲपच्या स्क्रीनबद्दल काहीच नव्हतं. तिने "वाचण्यात चूक" वर बोट ठेवलं, मी तिचा हात धरला आणि "इतर" वर नेला. तिथे तिने लिहिलं, "स्क्रीनवर आकडा मोठा होता आणि मिलिग्रॅम खूप बारीक होतं. सिरिंज मोठी दिसली म्हणून मी थांबले." स्क्रीनशॉट जोडला. पाठवलं. बाहेर उजाडायला लागलं होतं.

अकरा दिवसांनी उत्तर आलं, आणि माणसाचं आलं. क्वालिटीच्या मॅडम स्वतः वॉर्डात आल्या, तिलाच विचारलं की ट्रेमध्ये काय बदलू. आता लहान बाळांच्या ट्रेमध्ये ५ मिलीपेक्षा मोठी सिरिंजच नसते, पॅरासिटामॉलच्या बाटलीला पिवळी चिठ्ठी असते, १ मिली म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि शीटवर दोन्ही लिहायचं, मिलिग्रॅम पण आणि मिली पण. ती चिठ्ठी तिनेच स्केचपेनने लिहिलीय. त्या ॲपवाल्यांनाही कळवलंय, त्यांच्याकडून अजून काही आलेलं नाही.

मॅडम गेल्या त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर मी चेंजिंग रूममध्ये बसून ॲप उघडलं आणि नवीन रिपोर्ट घेतला. औषध, पोटॅशियम क्लोराईड. इजा, नाही. मग तारीख. कॅलेंडर मागे मागे नेलं तर एका वर्षाच्या पलीकडे सगळे महिने करडे झाले, बोट दाबलं तरी तारीख उमटेना. मी ते बंद केलं. फोनमध्ये मैत्रिणीचा नंबर अजून आहे, "नाईट पार्टनर" नावाने सेव्ह केलेला. मी लावला. तिने उचलला, इकडचं तिकडचं झालं, मुलं कशी आहेत वगैरे, आणि मग मी सगळं सांगितलं, अँप्यूल, निळी अक्षरं, आजोबा, वरची फळी. ती बराच वेळ काही बोलली नाही, मागे कुकरची शिट्टी झाली ती मला ऐकू आली. मग तिने विचारलं, "म्हणजे तुमच्या वॉर्डातला खोका तू आधीच वेगळा ठेवला होतास?"

मी हो म्हटलं.

"आमच्याकडे शेजारीच होता गं," ती म्हणाली.